लहानगी आगगाडी खरी कशी वाटेल?

किल्ली देऊन सोडलेली खेळण्यांतली आगगाडी मुलांना रिझविते. परंतु जाणत्या माणसास ती घटकाभरांत खोटी वाटूं लागते. याचें कारण तिचा लहानपणा नव्हे. ती चकचकीत असते, एकदम धांवूं लागते आणि कोठेंही न जातां वाटोळी फिरते. हेंच तें कारण होय.

अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरे गांवीं जॉन अ‍ॅलन नांवाचे छायाचित्रकार राहत असत. त्यांनीं घराच्या तळघरांत मूळच्या ८७ व्या हिश्शाच्या मापाची रेल्वे उभारली. तिचे डोंगर जमिनीपासून छतापर्यंत चढत. जागा मोठी भासावी म्हणून जागोजागीं आरसे लपविलेले असत. डब्यांवर गंज, इंजिनांवर काजळी, इमारतींवर ऊनपावसाच्या खुणा! वापरानें वस्तूस जें वय येतें, तें त्यांनीं रंगानें आणलें.

रूपानंतर गति. ताशीं ६० किलोमीटर जाणारी गाडी या मापांत सेकंदाला अवघे १९ सेंटिमीटर सरकावी. हौशी माणसें तिला याच्या कितीतरी पट पळवितात आणि सारा देखावा व्यर्थ घालवितात.

आवाजाचेंही तसेंच. दोन सिलिंडरांचें साधें वाफेचें इंजिन चाकाच्या एका फेऱ्यास चार हुंकार देतें. चढावर ते जड व्हावे, उतारावर जवळजवळ थांबावे. आज इंजिनांतच बसविलेलें इवलेंसें विद्युत्‌यंत्र हा मेळ साधूं शकतें. मात्र आवाज चाकाशीं जुळला नाहीं, तर तो नुसता गोंगाट ठरतो.

परंतु खरा प्राण व्यवहारांत असतो. प्रत्येक मालडब्याला कोठून कोठें जावयाचें तें ठरलेलें असावें. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत असतां दुसरीनें स्टेशनांत मुकाट्यानें थांबावें. अ‍ॅलन यांच्याकडे मित्रमंडळी जमून वेळापत्रकाबरहुकूम गाड्या चालवीत. जेथें गाडीला थांबावें लागतें, तेथेंच तिच्या जाण्याला अर्थ येतो.

जानेवारी १९७३ मध्यें अ‍ॅलन वारले आणि थोड्याच दिवसांत लागलेल्या आगींत ती रेल्वे बहुतांशीं नष्ट झाली. छायाचित्रें मात्र मासिकांतून सर्वत्र पोंचलीं होतीं. तीं पाहून कित्येकांनीं आपल्या नव्याकोऱ्या इंजिनांस काजळी फांसली, वेग आंवरला आणि शेजारीं वेळापत्रक टांगलें. कलावंताची वस्तु जळते; त्यानें लावलेली शिस्त दुसऱ्यांच्या हातांत चालूं राहते.