दोरी धरणारा माणूस



आपण सुरक्षा अधिकारी जमतो तेव्हा अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घेण्याची प्रथा आहे. पण अहवाल तुमच्या पिशवीत आहे आणि तो नीट लिहिलेला आहे. मला बंदिस्त जागेतल्या कामाच्या प्रशिक्षणावर बोलायचंय, त्यातही एकाच माणसावर. मॅनहोलच्या तोंडाशी, बाहेर उभा असतो तो. आपला होल वॉच.

टाकीत उतरणाऱ्याला आपण शिकवतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर उतरायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून गॅस गेला असं समजायचं नाही. हे त्याला पाठ असतं. आणि बाहेर कोणाला उभं करतो? त्या दिवशी ज्याला दुसरं काम नाही त्याला. कालच गेटपास मिळालेला कंत्राटी पोरगा. त्यालाच मुकादम मध्येच पाना आणायला पिटाळतो.

अमेरिकेच्या नायॉश या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ साली लिहून ठेवलं की बंदिस्त जागेत मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त माणसं दुसऱ्याला वाचवायला आत गेलेली होती. आपल्याकडे सेप्टिक टँकच्या बातम्या वाचा. एक पडला, त्याच्यामागे भाऊ उतरला, मग शेजारी.

सकाळच्या सत्रात मोठा वाद झाला. प्रत्येकाच्या छातीला गॅस डिटेक्टर हवा की व्हीआर चष्म्यावर सराव हवा? त्या वादात पडण्याऐवजी मी पाहिलेलं सांगतो. एका रासायनिक कारखान्यात ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीतला गाळ काढायचा होता. गॅस तपासला होता, परमिट झालं होतं. गाळ ढवळला तसा त्यात कोंडलेला गॅस सुटला आणि आतला माणूस कोसळला. बाहेर होता त्याचा सख्खा चुलतभाऊ. त्या पोराकडून आम्ही आधी रिकाम्या टाकीवर सराव करून घेतला होता. हार्नेसला वाळूचं पोतं बांधायचं, ट्रायपॉडवरची विंच फिरवायची आणि दर वेळी मोठ्याने म्हणायचं, 'मी आत उतरणार नाही.' तो उतरला नाही. ओरडून मदत मागवली आणि हँडल फिरवत राहिला. भोवती जमलेले त्याला आईवरून शिव्या देत होते, 'भाऊ मरतोय आणि तू उभा?' दोघे उडी घ्यायला निघाले, त्यांना त्याने अंगाने रेटून मागे सारलं. भाऊ वर आला. वाचला.

सुरक्षा सप्ताहात बक्षीस मिळालं ते नंतर धावत आलेल्या साहेबाला. पोराला कंत्राटदाराने पुढच्या कामावर घेतलंच नाही. मुकादमाने सांगितलं, भित्रा आहे. मी तेव्हा भांडलो, लेखी दिलं, काही झालं नाही. तो राग आजही गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

बाहेरच्या माणसाला महत्त्व द्या, यात माझा नवा शोध काही नाही. कारखाना कायदा १९४८ चा, २०२५ पर्यंत लागू होता. त्याचं कलम ३६ काढा. श्वसनयंत्र लावून आत जाणाऱ्याच्या पट्ट्याला दोरी हवी आणि तिचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवं, असं तिथे लिहिलं होतं. कायद्याला जो माणूस दिसला, त्याला आपल्या प्रशिक्षणात अर्धी स्लाइड मिळते. तीही इंग्रजीत. तारापूरला, महाडला, लोट्याला मॅनहोलवर उभा असलेला झारखंडचा पोरगा ती वाचणार कशी?

तेव्हा नव्या कार्यकारिणीने एक समिती नेमावी. होल वॉचसाठी वेगळा अभ्यासक्रम हवा. तो मराठीत, हिंदीत, जमल्यास ओडियातही व्हावा आणि वर्गात नव्हे, टाकीवर शिकवला जावा. त्याला वेगळं ओळखपत्र आणि वेगळा भत्ता द्यावा. महापालिकांच्या कंत्राटदारांशीही बोलावं लागेल. २०१३ च्या कायद्याने गटारात माणूस उतरवून धोक्याची सफाई करून घ्यायला बंदी केली, तरी माणसं उतरवली जातातच. तपशील समिती ठरवील.

खर्च वाढेल, एक माणूस दिवसभर नुसता उभा ठेवणं परवडत नाही, असं काही व्यवस्थापकांनी मला जेवणाच्या वेळी ऐकवलं. त्यांनी ते दुपारच्या सत्रात माइकवर येऊन सांगावं. मी पहिल्या रांगेत बसणार आहे.