दुसऱ्या प्रतीचे भाग्य



एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आल्या, की आपले ग्रंथपाल दुसरी राखून ठेवतात. सजीवांच्या गुणसूत्रांतही अशा दुबार प्रती आढळतात. पिकल्या केळ्यांवर घिरट्या घालणाऱ्या फळमाशीचा डोळा ज्या ‘बार’ दोषामुळे पट्टीसारखा अरुंद होतो, तो गुणसूत्राचा एक तुकडा दुबार झाल्याचा परिणाम होय, हे कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले.

मूळ जनुक आपले काम करीत असता जादा प्रतीला बदलण्याची मोकळीक मिळते व त्यातून नवे कार्य जन्मास येते, असे सुसुमू ओह्नो यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले. पुष्कळशा प्रती निकामीच होतात, हा भाग वेगळा. पण ज्या टिकतात त्यांच्यात बदलते काय? जनुकापासून बनणारे प्रथिन, की ते केव्हा व कोठे बनावे हे ठरविणारा, जनुकालगतचा नियामक भाग?

या प्रश्नाला झुरिच येथील ली आणि नोल यांनी १९९४ मध्ये मोठ्या चतुराईने हात घातला. फळमाशीत पेअर्ड, गूजबेरी व गूजबेरी-न्यूरो अशी एकाच पूर्वजापासून झालेली तीन जनुके आहेत. पेअर्ड भ्रूणावस्थेच्या आरंभी पट्ट्यापट्ट्यांत प्रकटते, गूजबेरी त्यानंतर प्रत्येक खंडात, तर तिसरे मुख्यत्वे मज्जासंस्थेत. पेअर्ड नसेल तर भ्रूणात एकाआड एक खंडाचे भाग नाहीसे होतात. या संशोधकांनी गूजबेरीचा प्रथिन घडविणारा भाग पेअर्डच्या नियामक भागाला जोडला आणि तो अशा सदोष भ्रूणात घातला. गमतीची गोष्ट अशी, की एरवी बरीच भिन्न रचना असलेल्या गूजबेरीच्या प्रथिनाने पेअर्डचे काम केले! भेद प्रामुख्याने वेळेत आणि जागेत होता.

कधी दोन प्रती नवे काही न करता, वाटणीला बसलेल्या भावांप्रमाणे, मूळचेच काम वाटून घेतात. एकीचा एक नियामक तुकडा नष्ट होतो, दुसरीचा दुसरा. मग दोघींचीही गरज उरते. हा विचार १९९९ मध्ये फोर्स, लिंच आदींनी मांडला.

तथापि नियामक भागालाच सर्व श्रेय देणे मला उतावीळपणाचे वाटते. पुढील प्रयोगांत गूजबेरीच्या प्रथिनावर माश्या प्रौढ होईतो जगल्या खऱ्या, पण नरांना प्रजा झाली नाही. त्या एका कामासाठी पेअर्डचेच प्रथिन लागते.