नेम सुधारणारा कारागीर



हत्याराची पारख आपण बहुधा त्याच्या झळाळीवरून करतो. परंतु ज्या हत्याराने नेम साधावयाचा, त्याची परीक्षा झळाळीवर होत नाही, मापावर होते. ते माप ज्याला कळते असा कारागीर कसा ओळखावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. मी सेवानिवृत्त शाळामास्तर. शस्त्रविद्येचा पंडित नव्हे. परंतु विद्यार्थ्यांचे प्रश्न निवृत्तीनंतरही मास्तराचा पिच्छा सोडीत नाहीत, आणि हा प्रश्न अशाच एका विद्यार्थ्याचा आहे.

तो सध्या नोकरीनिमित्त अमेरिकेत राहतो. तेथे त्याने १८५१ सालच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची नवी घडविलेली प्रतिकृती विकत घेतली. दिसावयास मोठी सुरेख, परंतु गोळी कधी वर, कधी बाजूला. ती सुटीत घरी आणावी आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या हुशार लोहाराकडून नळी घासून घ्यावी काय, असे त्याने पत्राने विचारले आहे.

पहिले उत्तर स्पष्ट आहे : आणू नये. अमेरिकेच्या १९६८ सालच्या मध्यवर्ती कायद्याने काडतुसावर न चालणाऱ्या अशा जुन्या धर्तीच्या प्रतिकृती सामान्य बंदुकांच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. निरनिराळ्या राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे आहेत. आपल्याकडील १९५९ सालचा शस्त्र अधिनियम निराळा विचार करतो. स्फोटक द्रव्याच्या जोराने गोळी फेकण्यासाठी जे घडविले, ते अग्निशस्त्र. मग ते जुने असो वा जुन्याची नवी नक्कल असो. ते बाळगावयास परवाना हवा, आणि ते विक्रीसाठी घडविणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्यासही परवाना हवा. नुसत्या दिखाऊ पिस्तुलाचे गोळी झाडणाऱ्या पिस्तुलात परवान्यावाचून रूपांतर करणे, हाही गुन्हाच. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यांस किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे.

येथे एक शंका येईल. आपल्याकडील जुन्या वाड्यांत तोड्याच्या किंवा ठासणीच्या बंदुका भिंतीवर टांगलेल्या असतात, त्यांचे काय? कायद्याने सूट दिली आहे ती जुनाट किंवा मोडक्या अशा हत्यारास, की जे दुरुस्त करूनही झाडता येणार नाही. दुरुस्तीने जे चालू होईल, त्यास ही सूट मुळातच लागू नाही. हे ध्यानात ठेवले म्हणजे हौसेखातर वाडवडिलांची बंदूक लोहाराकडे नेण्याचा मोह आवरेल.

आता दुसरे उत्तर. आपल्या हत्याराचा दोष कोठे आहे हे ठाऊक नसताना कारागीर शोधणे व्यर्थ होय. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरत्या चक्रात सहा घरे असतात आणि नळी मात्र एक. घोडा आपटण्याच्या क्षणी प्रत्येक घर नळीच्या अगदी समोर यावे लागते. म्हणजे साध्या पिस्तुलात जे एकदा साधावयाचे, ते येथे सहा वेळा साधावे लागते. सॅम्युअल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत ह्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे त्याच्या कारखान्यात सुटे भाग यंत्रांवर होऊ लागले, तरी ते एकमेकांत चपखल बसविण्यासाठी अखेरीस माणसाच्या हातातील कानस लागतच असे. आजच्या प्रतिकृतीतही हा शेवटचा हात जेथे घाईने फिरला, तेथे नेम बिघडतो.

ह्या हत्यारात शिशाची वाटोळी गोळी घराच्या तोंडापेक्षा किंचित मोठी घेतात. ठासताना तिच्या कडेचे बारीक कडे कापले जाते आणि गोळी घट्ट बसते. परंतु घराचे तोंड नळीतील मळसूत्री खाचांच्या तळमापाहून लहान असेल, तर गोळी खाचा नीट भरीत नाही. तिला फिरकी पुरी मिळत नाही आणि ती भरकटते. कोल्टच्या ह्या नमुन्यात नळी सांगाड्याला एका पाचरीने जखडलेली असते. पाचर आज सैल, उद्या घट्ट बसली की चक्र व नळी यांतील फट बदलते. शिवाय मागची दर्शक खाच घोड्याच्याच टोकावर असून नळीच्या तोंडावरची माशी बुटकी असते; त्यामुळे जवळच्या लक्ष्यावर गोळी वर लागते. अशा वेळी माशी घासणे म्हणजे गोळी आणखी वर पाठविणे होय. तेथे माशी उंच करावी लागते.

तेव्हा प्रथम परीक्षा घ्यावी. मान्य मैदानावर, पंचवीस मीटरांवरून, हात वाळूच्या पिशवीवर टेकवून आणि दारू प्रत्येक वेळी मोजून, सहा घरांना सहा क्रमांक देऊन प्रत्येकाच्या पाच गोळ्या निरनिराळ्या कागदांवर झाडाव्यात. सर्व कागदांवर पुंजका घट्ट, पण एकाच बाजूला पडला, तर दोष दर्शकांचा. पाच कागद चांगले आणि एकच विसकटलेला, तर दोष त्या घराचा. सहाही विसकटले, तर गोळीचे माप, दारूचे प्रमाण, पाचर व नळी यांचा विचार करावा. अंकगणिताच्या वहीतही असेच असते : जो मुलगा एकच चूक दर वेळी करतो, तो लवकर सुधारतो; ज्याच्या चुकांना नेम नाही, त्याच्यावर फार श्रम पडतात.

हे सहा कागद घेऊन मग कारागिराकडे जावे. अमेरिकेत १९३३ साली स्थापन झालेला ठासणीच्या नेमबाजांचा राष्ट्रीय संघ असून त्याचे मैदान इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप येथे आहे. अशा संघातील जुन्या नेमबाजांस विचारले म्हणजे, स्वतः ठासणीचे हत्यार झाडणारा कारागीर सापडतो. आधुनिक बंदुका नीट करणारा प्रत्येक जण हे काम जाणतोच असे नाही. कागद पाहण्यापूर्वीच जो कानस हाती घेतो, त्यास नमस्कार करून परतावे. जो हत्यार रिकामे आहे की नाही हे आधी पाहतो, घराचे तोंड व नळीच्या खाचा मोजतो, आणि घर रुंद केल्याने भिंत किती पातळ होईल हे आपण होऊन सांगतो, त्याच्या हाती हत्यार द्यावे. लोखंड घासून काढता येते. पुन्हा जागी बसविता येत नाही.

अखेरीस आपल्या जिल्ह्याविषयी बोलणे मला कर्तव्य वाटते. आपले जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके सातपुड्याला लागून आहेत. डोंगरापलीकडील बऱ्हाणपूर जिल्ह्यातील पाचोरी ह्या गावाचे नाव बेकायदा पिस्तुलांच्या संबंधात वर्तमानपत्रांत वारंवार येते. तेथील शिकलीगर समाजाच्या पूर्वजांचा व्यवसाय हत्यारे घडविण्याचा व त्यांना धार-झिलई देण्याचा. त्यांच्या नावातील मूळ शब्दच झिलईचा वाचक आहे. १८७८ सालच्या शस्त्रकायद्याने शस्त्रे घडविण्यास परवाना आवश्यक केला, आणि बिनपरवाना हातांतील ही कला कायद्याबाहेर पडली. ज्या हातांना सन्मानाचे काम मिळावयास हवे होते, ते चोरट्या धंद्यात गुंतावेत, ही खेदाची गोष्ट आहे. सर्व समाजास दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु तेथून चोरून हत्यार आणणारा आपला तरुण त्या कलेचा सन्मान करीत नाही. तो स्वतःचे आयुष्य गमावतो आणि दुसऱ्याच्या जिवावर उठतो.

ज्यांना नेमाची खरी हौस आहे, त्यांच्यासाठी सरळ वाट आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्याने २०२४ साली पॅरिस येथे रायफलीत ऑलिंपिक कांस्यपदक मिळविले. ही दोन्ही आपल्यासारख्याच मराठी घरांतील मुले. मैदान, शिक्षक आणि शिस्त ह्यांच्या बळावर ती तेथवर पोचली.

सारांश, जो कारागीर परवाना विचारीत नाही, तो माप तरी कशाला विचारील? दोहोंची चाड एकाच स्वभावातून येते. कागद पाहणारा आणि मोजणारा कारागीर मिळेपर्यंत हत्यार पेटीत बंद असावे. त्यात नेमाचे काहीच बिघडत नाही.