'नोंद नाही' म्हणण्यापूर्वी
(मानोरा येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपली कुटुंबवार यादी वहीतून संगणकात गेली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु यादी संगणकात ठेवणे निराळे आणि तीतून हवे ते नाव हुडकून काढणे निराळे. शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणाऱ्या मुलास "तुमच्या घराण्याची नोंद सापडत नाही" असे कळविण्याचा प्रसंग येतो, तेव्हा नोंद खरोखरच नसते की शोध अपुरा पडलेला असतो, एवढाच प्रश्न मी आज आपणांपुढे ठेवणार आहे.

१९७३ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी युनिक्स प्रणालीसाठी 'ग्रेप' नावाची एक लहानशी आज्ञा लिहिली. तिला शब्द सांगावा व फाईल दाखवावी. ज्या ओळींत तो शब्द असेल तेवढ्या ओळी ती समोर ठेवते. यादी ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाली ते बंद पडले, तरी तिचे अडत नाही. डेटाबेसची फाईल असली तर मात्र शब्द आहे एवढेच सांगून ती गप्प बसते. 'हिला साधा मजकूर समज' अशी सूचना द्यावी, तर जुन्या डीबेसच्या फाईलमध्ये ओळी तोडलेल्या नसल्यामुळे सारी यादी एक ओळ होऊन अंगावर येते! म्हणून शब्दाच्या मागचीपुढची वीसपंचवीस अक्षरेच दाखविण्यास सांगावे.

ही आज्ञा शब्दाबाहेर जात नाही, हा तिचा गुण आणि तोच तिचा दोष. 'वाशीम' शोधावे तर 'वाशिम' लिहिणारी कुटुंबे गळतात. वेलांटीच्या जागी टिंब देऊन 'वाश.म' असे लिहिले, की तेथे कोणतेही एक चिन्ह चालते. पण वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी निर्माण झाला. तत्पूर्वी मानोरा अकोला जिल्ह्यात होते. तेव्हाच्या पत्त्यांत अकोलाच असणार, ते कोणत्या टिंबाने सापडावे? तेथे शोधणाऱ्यालाच आपला इतिहास ठाऊक हवा.

याहून बिकट गोष्ट जुन्या फाँटची. कृतिदेवमध्ये पडद्यावर 'मानोरा' दिसते. फाईलमध्ये मात्र ई, के, यू, के, एस, जे, के ही लहान लिपीतील इंग्रजी अक्षरे असतात. युनिकोडमधील 'मानोरा' तेथे कसे सापडणार? तीच सात अक्षरे शोधावीत, म्हणजे गाव सापडते.

आणखी एक. डीबेसच्या फाईलमधून खोडलेली नोंद लागलीच नाहीशी होत नाही; तिच्यावर केवळ तारकेची खूण पडते आणि फाईल 'पॅक' करीपर्यंत ती तेथेच राहते. ग्रेपला ती दिसते. अशी तारांकित नावे कार्यवाहांनी एकदा छापून वडीलधाऱ्या मंडळींपुढे ठेवावीत. कोण खरेच गेले आणि कोण नुसते टंकलेखकाच्या हातून गेले, हे तीच सांगू शकतील.