कान तयार होताना



शाळेत स्नेहसंमेलन जवळ आलं की समूहगीतासाठी मुलं निवडतात. एकेकाला ओळ म्हणायला लावतात आणि मग दोघातिघांना हळूच सांगितलं जातं, "तू मागच्या रांगेत उभा राहा, नुसते ओठ हलव." ते मूल मोठं होतं, नोकरीला लागतं, निवृत्त होतं आणि तरीही सांगत राहतं, "आपल्याला बाबा गाण्यातलं काही कळत नाही." हे ऐकलं की मला फार लागतं. कारण पुष्कळदा खोट मुलाच्या कानात नसतेच, ती पट्टीत असते.

सर गातात काळी एकमध्ये, फार तर पांढरी दोनमध्ये. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा आवाज मोकळा होतो तो काळी चार, काळी पाचच्या आसपास. सरांचा षड्ज गाठायला ते पोर गळा दाबतं, आवाज तिथवर उतरत नाही आणि सूर भरकटतो. आपण शिक्का मारून मोकळे होतो. त्याऐवजी पट्टी चढवून बघा. शब्द बाजूला ठेवा. तानपुरा लावून एकच षड्ज आकारात, श्वास पुरेल तेवढा म्हणू द्या. तरीही जमत नसेल, तर त्याला गायला सांगूच नका. तुम्ही दोन सूर म्हणा आणि दुसरा वर गेला की खाली आला, एवढंच हाताने दाखवायला सांगा. गाताना चाचपडणारी कितीतरी मुलं इथे अचूक हात दाखवतात. सूर ओळखणं वेगळं आणि गळ्यातून काढणं वेगळं. कान ज्याला ओळखतो, त्याच्यापाशी गळा सरावाने पोचतो. उलट्या क्रमाने मात्र काही होत नाही.

हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1983 साली 'फ्रेम्स ऑफ माइंड' हे पुस्तक लिहिलं. बुद्धी एकच नसते, अनेक असतात, असं त्यात मांडून त्याने सांगीतिक बुद्धीला भाषा आणि गणिताच्या शेजारी स्वतंत्र पाट मांडून दिला. या विचारावर अभ्यासकांत वाद आहेत, ते असोत. आपल्या शाळांमध्ये संगीताचा तास अजूनही ऑफ तासासारखा वापरला जातो, म्हणून मला तो पाट महत्त्वाचा वाटतो.

ही बुद्धी वर्गात दिसते कुठे? बाक वाजवणाऱ्या मुलात दिसते. त्याला उभं करण्याआधी तो काय वाजवतोय ते जरा ऐका. बहुधा केरवा असतो, आठ मात्रांचा, आणि लय पक्की असते. त्याला म्हणावं, आम्ही सगळे बेचा पाढा म्हणतो, तू ठेका धर. पाढ्यांना आपल्याकडे चाल आहेच, ती त्या ठेक्यात सहज बसते. दोन-तीन आवर्तनं झाली की खूण करून सगळ्यांना गप्प करा. हात थांबले, तोंड थांबलं, मोजणी फक्त मनात चालू. आणि आठ मात्रा संपून पुन्हा पहिली आली की सगळ्यांनी एक टाळी द्यायची. पहिल्यांदा टाळ्या विखरून पडतील. चार-पाच खेपांनी जवळ येतील. ज्या क्षणी सगळा वर्ग एकाच टाळीवर येतो, तेव्हा मुलांचे चेहरे बघा. मैफलीत तबलजी आणि गवई समेवर, म्हणजे अशाच पहिल्या मात्रेवर, भेटतात तेव्हा श्रोत्यांची मान का डोलते, हे त्या मुलांना कुणी वेगळं समजवावं लागत नाही.

गावाकडच्या भजनी मंडळात लयीचं हे शिकणं फार सुंदर होतं. पोराच्या हातात टाळ देतात आणि रांगेत उभं करतात. ते चुकतं, शेजारच्याकडे बघून सावरतं. भजन त्याच्यासाठी थांबत नाही आणि त्याला कुणी रांगेबाहेरही काढत नाही.

आता ज्याची बुद्धी लहानपणीच लखलखीत दिसली, अशा मुलाचं काय? बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले शिवपुत्र कोमकाळीमठ, म्हणजे आपले कुमार गंधर्व. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हे पोर त्यांचं गाणं हुबेहूब गायचं, भल्याभल्यांना थक्क करायचं. त्याला एका कार्यक्रमातून दुसऱ्या कार्यक्रमात फिरवलंही गेलं. मग ते मुंबईला आले प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे, आणि देवधर मास्तर हे स्वतः अनेक घराण्यांची गायकी खुल्या मनाने ऐकणारे गुरू. तिथे कुमारांना भरपूर ऐकायला मिळालं, तेही वेगवेगळ्या तऱ्हांचं. पुढे क्षयाने त्यांना गाठलं. देवासला अंथरुणावर असताना काही वर्षं गाणं बंद होतं. गळा बंद, पण कान उघडे होते. त्या माळवा भागातल्या बायकांची लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली आणि त्या धुनांमधून त्यांना राग दिसू लागले. नंतरचे त्यांचे धुनउगम राग त्या ऐकण्यातून आले. गुणी मुलांच्या आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: परीक्षा द्या, प्रवेशिका होऊ द्या, विशारद होऊ द्या, पण आठवड्यातला निदान एक दिवस असा ठेवा, की ज्या दिवशी मूल गाणार नाही, फक्त ऐकेल.

आणि घरी पेटी असेल, तर कधीमधी ती बंद ठेवून मुलाला तानपुऱ्यावर बसवा. आकाशवाणीने 1940 पासून तीन दशकं पेटीला दार बंद केलं होतं. ती बंदी मला टोकाची वाटते. पण तिच्यामागचा एक मुद्दा खरा होता: पेटीच्या पट्ट्यांवर मींड निघत नाही. एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाताना मधे जे लागतं, ते तानपुऱ्यासोबत मुलाला स्वतः शोधावं लागतं.

श्रोतेहो, या आठवड्यात एक प्रयोग करा. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोघांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. किशोरीताई आमोणकरांचा भूप संध्याकाळी लावा. मग एखाद्या सकाळी 'भाभी की चूडियाँ' या 1961 सालच्या चित्रपटातलं, सुधीर फडक्यांनी देशकाराच्या अंगाने बांधलेलं आणि लताबाईंनी गायलेलं पहाटेचं गाणं लावा. मुलांना रागांची नावं सांगू नका. एवढंच विचारा, की गाणं सारखं कुठल्या सुरावर येऊन विसावतंय, तिथे बोट वर कर. भूपात ते गंधारावर रेंगाळतं, देशकारात वरच्या धैवताकडे ओढलं जातं. पहिल्या दिवशी बोटं कुठेही वर होतील. होऊ द्या, दुरुस्त करू नका. चौथ्या-पाचव्या वेळी तुमच्याही आधी एखादं बोट वर होईल. मग नाव सांगा.