झुकझुक गाडीतली बापाची जागा

(आपल्या गणेशोत्सवात ‘सभासदांचे अनुभव’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठाच्या मागे साउंडच्या वायरी तपासणे हे माझे काम. पुढे येऊन बोलायची ही पहिलीच वेळ. मी डिप्लोमावाला माणूस, भाषणापेक्षा ड्रॉइंग बरे. पण सेक्रेटरी म्हणाले, “लेकीला घेऊन एवढे फिरता, त्याबद्दल चार शब्द बोला.” म्हणून उभा आहे. डाव्या पायात कॅलिपर आणि काखेत कुबडी असताना जेवढे उभे राहता येते, तेवढा!

मी दीड वर्षाचा असताना मिरजेला मला पोलिओ झाला. देशातला या रोगाच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे पोलिओवाल्या बापांची आमची बहुधा शेवटचीच बॅच. ही बॅच बंद होते आहे याचा आनंदच आहे. पण अपघात, मधुमेह आणि म्हातारपण यांच्या बॅचेस चालूच राहणार आहेत. म्हणून हे आपल्या सगळ्यांच्या कामाचे आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. लेक सहा वर्षांची होती. सौ. माहेरी गेली होती आणि सुट्टी वाया जाऊ नये म्हणून आम्ही दोघेच शहराबाहेरच्या एका मनोरंजन उद्यानात गेलो. त्याचे नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका उद्यानाचा नाही. लेकीला सर्वात आधी बसायचे होते ते झुकझुक गाडीत. माणसाच्या चालीने जाणारी, जमिनीलगतची, बागेला एक फेरी मारणारी गाडी. दाराशी फळी होती : १२० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलासोबत मोठे माणूस हवे. लेक ११२. मी पुढे झालो. तिथल्या पोराने माझ्या कॅलिपरकडे पाहिले आणि म्हणाला, “मुडियादु सार.” जमणार नाही. का? “रूल्स सार.”

मंडळी, जन्म गेला रेल्वेच्या डब्यांची ड्रॉइंग करण्यात, आणि मला झुकझुक गाडीत बसायला बंदी!

मला हसू आले, रागही आला. वाद घालणार तेवढ्यात लेकीने माझा शर्ट ओढला. “बाबा, मला नाहीच बसायचं. मला चक्कर येते.” तिला चक्कर येत नाही हो. घरी ती गरागरा फिरते आणि आम्हालाच गरगरते. आम्ही कणीस खाल्ले, मासे पाहिले आणि परत आलो. रात्री आईचा फोन आला, “कशाकशात बसलीस?” लेकीने सगळी यादी सांगितली. झुकझुक गाडी, घोडा, विमान. एकातही बसली नव्हती. माझ्याकडे बघत सांगत होती.

बापाला वाईट वाटू नये म्हणून सहा वर्षांचे मूल एका दिवसात दोनदा खोटे बोलले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतर मी इंजिनिअरच्या डोक्याने विचार केला. प्रत्येक नकार अन्यायाचाच असतो असे नाही. मोठ्या रोलर कोस्टरमध्ये मांडीवरच्या दांड्याने शरीर धरले जाते आणि धक्का पेलायला पायांनी रेटा द्यावा लागतो. गाडी वर अडकली तर अरुंद जिन्याने चालत उतरावे लागते. तिथे मला नाही म्हटले तर मी मानतो. वर्कशॉपमध्ये सेफ्टीचा नियम मोडणाऱ्यावर मी स्वतःच ओरडतो. पण झुकझुक गाडीत नाही म्हणायला काय कारण होते? ते त्या पोराजवळही नव्हते. त्यात दोन नियम एकमेकांवर बसले. एक म्हणतो, मुलाबरोबर मोठे माणूस हवे. दुसरा म्हणतो, हे मोठे माणूस चालणार नाही. दोन्ही पाळले की बाहेर कोण राहते? मूल. नकार बापाला, शिक्षा लेकीला.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. कुणाला उपयोग झाला तर सांगतो.

जाण्याआधी फोन करायचा. पण “दिव्यांगांसाठी सोय आहे का?” असे विचारायचे नाही. उत्तर ठरलेले आहे, “इरुक्कु सार!” त्याऐवजी विचारायचे : गाडीपर्यंत पायऱ्या किती? मी बसू शकलो नाही तर मुलीबरोबर तुमचा माणूस बसेल का? सावलीत बसायला जागा कुठे? प्रश्न मोजता येणारा असला की उत्तर खरे मिळते.

दुसरे, सुट्टीचा दिवस टाळायचा आणि सकाळीच जायचे. मेच्या उन्हात कॅलिपरची लोखंडी पट्टी कशी तापते ते मलाच माहीत.

तिसरे जड गेले. व्हीलचेअर घ्यायची. व्हीलचेअर म्हणजे हार, असे मला वर्षानुवर्षे वाटायचे. वंडलूरच्या प्राणिसंग्रहालयात पहिल्यांदा बसलो. लेक मांडीवर चढली आणि म्हणाली, “ही आपली गाडी!” त्या दिवशी संध्याकाळी माझ्या पायात खेळायची ताकद शिल्लक होती.

आणि सर्वात महत्त्वाचे. लेकीशी करार केला : बाबासाठी ‘नाही’ म्हणायचे नाही. बाबा काही ठिकाणी बसेल, काही ठिकाणी खालून हात करेल.

सोय करायची म्हटली तर होते. आपल्या मरीनावर पाहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे वाळूवरून पाण्याजवळ जाणारा २६३ मीटरचा कायमचा लाकडी मार्ग झाला. पुढच्याच महिन्यात मँडूस वादळाने त्याची मोडतोड केली. पण दुरुस्त करून तो पुन्हा सुरू केला. लाटांचे तुषार अंगावर घेत मी लेकीबरोबर बसलो तो तिथेच. अमेरिकेत सॅन अँटोनिओला गॉर्डन हार्टमन या गृहस्थांनी आपल्या दिव्यांग मुलीसाठी २०१० मध्ये ‘मॉर्गन्स वंडरलँड’ हे अख्खे उद्यान उभारले. तिथल्या चक्रीवर व्हीलचेअरसकट जाता येते. आपल्याकडे २०१६ चा कायदा आहे. सुगम्यतेचे किमान नियम केवळ शिफारशी म्हणून न ठेवता बंधनकारक करा, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये शहराबाहेर वंडरला सुरू झाल्यापासून तर घरोघरी मुलांचा हट्ट चालू आहे. जाल तेव्हा तुम्हीही पायऱ्या मोजा. धडधाकट माणसाने विचारलेला प्रश्न लोक जास्त ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

आता घरचे. आपल्या या मांडवाला तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सहा इंच. मागच्या वर्षी वॉकर घेऊन आलेल्या एका आजोबांनी खालूनच हात जोडले आणि प्रसाद घेऊन गेले. कोणी त्यांना नाही म्हटले नव्हते. पायऱ्यांनीच म्हटले. अठरा इंच चढायला एकास बारा उताराने अठरा फूट उतरंड लागते. चपलांच्या बाजूला बावीस फूट जागा आहे, मी टेप लावून पाहिली. ड्रॉइंग खिशात आहे. प्लाय आणि अँगल मंडळाने द्यावेत, वर्कशॉपमधले चौघे एका रविवारी काम करून देतात असे म्हणाले आहेत. त्यातले दोघे तमिळ आहेत, पण मोदकांवर त्यांचा भरवसा आहे!

जाता जाता एवढेच. पुढच्या वर्षी आम्ही दुसऱ्या एका उद्यानात गेलो. तिथल्या माणसाने विचारले, “सार, कुठून आधार देऊ?” मी सांगितले, आणि बसलो. लेकीने कुबडी आडवी मांडीवर धरली. अर्धी फेरी झाल्यावर म्हणाली, “बाबा, गाडी किती हळू आहे हो!”

यंदा तिची उंची १२० च्या वर गेली. त्या फळीपुरती बापाची गरज संपली. एक फेरी तरी वेळेत मिळाली, हे माझे भाग्य. ती फेरी कुणाची चुकू नये, एवढीच बाप्पाच्या आणि आपल्या चरणी विनंती.

गणपती बाप्पा मोरया!