पाच काळ्या पट्ट्या आणि मोहनम

(एपिसोडचा लिखित मजकूर. जिथे वाजवून किंवा गाऊन दाखवलंय, तिथे कंसात तसं लिहिलंय.)

आज हेडफोन लावाच. आणि मोबाईलवर पियानोचं कुठलंही फुकटचं अ‍ॅप उघडून ठेवा. पांढऱ्या पट्ट्यांकडे बघायचंच नाही, फक्त काळ्या. दोन काळ्या, मग थोडी जागा, मग तीन. पेटी शिकलेल्यांसाठी सांगते, काळी एक ते काळी पाच. आता तीनच्या गटातली पहिली, म्हणजे काळी तीन, तिला सा माना आणि वर चढत जा.

(वाजवून: सा रे ग प ध सां)

ओळखीचं वाटलं ना? आपल्याकडे हा भूप. किशोरीताईंचं 'सहेला रे' ऐकलं असेल तर हे स्वर तुमच्या कानात आहेतच. कर्नाटक संगीतात याच पाच स्वरांचा राग आहे मोहनम. मध्यम नाही, निषाद नाही. तिकडेही अशा रागाला औडवच म्हणतात. एक फरक, ते 'रे' नाही म्हणत, 'रि' म्हणतात.

तर झालं असं. मी बंगळुरूला नोकरीला आले आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये वर राहणाऱ्या एका तमिळ बाईंकडे गाणं शिकायला लागले. सगळे त्यांना मामी म्हणतात, मीही मामीच म्हणते. लहानपणी पेटीच्या दोन परीक्षा दिलेल्या, त्यामुळे माझा तोरा असा की मोहनम म्हणजे भूप, तो तर येतोच मला. मामींनी नवरात्रात घरी बायका जमतील तेव्हा मोहनम गायचं कबूल करून घेतलं. मी लगेच हो म्हटलं.

त्याच सुमारास सुट्टीच्या दिवशी बसून मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. गाण्याचं रेकॉर्डिंग द्यायचं, तो स्वर मोजणार आणि रागाचं नाव सांगणार. सा ओळखायला मी सोपी युक्ती केली होती, जो स्वर सगळ्यात जास्त वेळ ऐकू येतो तो सा. स्वतःचं मोहनम रेकॉर्ड केलं, तंबोरा न लावता, आणि दिलं त्याला. उत्तर आलं, हिंदोलम.

हिंदोलम म्हणजे आपला मालकंस! (नावावरून फसू नका, आपला हिंदोल हा वेगळाच राग.) दोन तास कोड तपासत बसले. चूक कोडमध्ये नव्हती. मी भूपच्या सवयीने गंधारावर इतकी रेंगाळत होते की प्रोग्रॅमने गंधारालाच सा धरलं होतं. आता तुमच्या अ‍ॅपवर करून बघा. त्याच पाच पट्ट्या, पण सुरुवात काळी पाचपासून.

(वाजवून)

मालकंस. एकही पट्टी बदलली नाही. काळी चारला सा धरा, मध्यमावती, आपल्या मधमाद सारंगाच्या जवळचा. काळी एकवरून शुद्ध सावेरी, म्हणजे आपला दुर्गा. काळी दोनवरून शुद्ध धन्यासी, धानीच्या वळणाचा. कोड लिहिणाऱ्यांनो, हा सरळ सरळ अ‍ॅरे फिरवण्याचा प्रकार आहे. याला तिकडे ग्रहभेदम म्हणतात, आपल्याकडे मूर्च्छना. मैफलीत मुरलेले गायक मधेच एखाद्या स्वराला क्षणभर सा करून दुसऱ्या रागाची झलक दाखवतात आणि परत येतात. मागे तंबोरा मूळ सा धरून असतो, म्हणून तर ती गंमत कळते.

म्हणजे रागाची पहिली गोष्ट तंबोरा ठरवतो. मी सा हाताने भरला आणि प्रोग्रॅम परत चालवला. आता तो मोहनम म्हणाला. मी खूश. तेच रेकॉर्डिंग मामींना ऐकवलं.

मामींनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "छान भूप गातेस. आता मोहनम गा."

खरं सांगते, कान गरम झाले. नवरात्राला तीन आठवडे राहिले होते.

मग त्यांनी नुसता रि गाऊन दाखवला. माझा रे एका जागी खांबासारखा उभा होता. त्यांचा रि हलत होता, गंधाराकडे झुकून परत येत होता. धैवताचंही तसंच. हा कंप म्हणजे गमक, आणि कर्नाटक संगीतात तो वरून लावलेली नक्षी नसतो, स्वराचं रूपच ते. सा आणि प तेवढे स्थिर. भूपमध्ये आपण पवरून गवर मींड घेत सावकाश उतरतो, ती सवय मोडायला मला सगळ्यात जड गेलं.

(दोन्ही गाऊन दाखवलं आहे. आधी भूपचा प ग, मग मोहनमचा.)

माझ्या प्रोग्रॅमला हे कळणं शक्यच नव्हतं. त्याच्याकडे बाराच खाने, हलणारा रि त्याने आपला जवळच्या खान्यात टाकून दिला.

शास्त्राची पुस्तकं मोहनमला 28 व्या मेळातला, हरिकांभोजीचा जन्य म्हणतात. पण म आणि नी नसल्यामुळे हे पाच स्वर 29, 64 आणि 65 या मेळांतही बसतात. मामींना विचारलं तर म्हणाल्या, "आधी वरवीणा म्हण." मोहनममधलं हे छोटं गीतम नवशिक्यांना शिकवतात, सात-आठ वर्षांची मुलंही म्हणतात ते. मी अठ्ठाविसाव्या वर्षी मुलांच्या मधे मांडी घालून बसले. बोलांबरोबर रि कुठे हलतो ते आपोआप गळ्यात जातं, वेगळं पाठ करावं लागत नाही.

नवरात्रात मी गायले तेही वरवीणाच. आलाप नाही, काही नाही, दोन मिनिटांत संपलं. एका आजींनी मामींना तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मामी हसल्या आणि मला हिंदीत म्हणाल्या, "त्या विचारतायत, ही मुलगी महाराष्ट्रातली का? तुझा धैवत अजून तिकडचा आहे."

(शेवटी: तोच धैवत, परवाच्या शिकवणीतला.)